खो मिळेपर्यंत

पहाटे ४.४५

रात्रीचा स्प्लिंट सोडला की पाऊल लगेच जमिनीला लावायचं नाही, आधी ते नीट बघायचं. टाच, घोट्याची दोन्ही हाडं, नडगीची बाहेरची कड, करंगळीचा बुंधा. उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला मला स्पर्श अजून अर्धवटच कळतो. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात तर काहीच कळत नाही. पट्टा रुतला, खडा टोचला तरी पाय सांगत नाही, म्हणून डोळ्यांनी विचारावं लागतं.

ही सवय फिजिओथेरपिस्ट मॅडमनी लावली, आणि त्यांना ती कुष्ठरोगाच्या रुग्णांबरोबर काम करताना लागली. कुष्ठरोगातही गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची, माझी दुखावली तीच नस जाते आणि पाऊल माझ्यासारखंच लोंबतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या लुळ्या पडलेल्या हातांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. लोंबणाऱ्या पावलासाठीही तोच मार्ग आहे: पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूची कंडरा सोडवून पुढे आणायची आणि तिच्याकडून पाऊल उचलण्याचं काम करून घ्यायचं. ज्यांच्याशी समाज बोलायलाही तयार नव्हता, त्या माणसांच्या पायांवर हे ज्ञान पक्कं झालं. त्यावर आज माझ्यासारखी खेळाडू उभी राहते, हे मला रोज सकाळी पाय तपासताना आठवतं, आणि आठवायलाच हवं असं वाटतं.

आज बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा लाल डाग आहे. अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला तर संध्याकाळी मिरजेला, पायाचा पट्टा बनवणाऱ्या ऑर्थोटिस्ट काकांकडे जायचं.

५.००

मी कुशीवर झोपते, उजवा पाय दोन उशांवर. असं केलं की पाऊल वर ओढताना त्याचं वजन आड येत नाही. दहा वेळा ओढायचं, मग थांबायचं, मग पुन्हा दहा. एक हात नडगीवर ठेवायचा, म्हणजे आतला स्नायू आवळतो आहे की आपण मांडीने ढकलतो आहोत ते कळतं. शरीर फार लबाड असतं. जे जमत नाही ते दुसऱ्याकडून करून घेतं आणि झालं म्हणून सांगतं.

गेल्या दिवाळीच्या आधी खो-खोच्या एका सामन्यात संरक्षण करताना मी खांबाशी हुलकावणी देऊन वळले. पाऊल मातीत तसंच राहिलं आणि गुडघा बाहेरच्या अंगाने उघडला. लिगामेंट तुटलं हे सगळ्यांना त्या क्षणी कळलं. पाऊल उचलत नाही हे मात्र पट्ट्या सुटल्यावर लक्षात आलं. कॉमन पेरोनिअल नावाची ही नस गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. तिथे ती जखडलेली असते, सरकायला जागा नसते. गुडघा त्या बाजूला उघडला की ती ताणली जाते. पाऊल आणि बोटं वर उचलणारे स्नायू तिच्या ताब्यात, आणि पाऊल बाहेर वळवणारेही तिच्याच.

नसेच्या इजेचे तीन प्रकार सेडन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९४३ मध्ये मांडले, आजही डॉक्टर तेच वापरतात. पहिल्यात नस फक्त गप्प होते आणि काही आठवड्यांत बोलू लागते. तिसऱ्यात ती तुटते, तिथे शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं. माझी मधली. बाहेरचं आवरण शाबूत, आतले तंतू गेलेले. ते तंतू त्याच आवरणातून पुन्हा वाढत येतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एखादा इंच. व्यायामाने हा वेग वाढत नाही. इच्छाशक्तीनेही नाही. खो-खोमध्ये पाटीवर बसलेली मुलगी कितीही चपळ असली तरी पाठीवर हात आणि कानावर खो पडल्याशिवाय उठू शकत नाही; उठली तर फाऊल. माझे स्नायू तसे बसले होते. मला फक्त एवढंच बघायचं होतं की खो पोहोचेल तेव्हा ते उठण्याच्या अवस्थेत असतील.

आणि ते अनंत काळ बसू शकत नाहीत. नसेपासून तुटलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कामातून जातो, म्हणून सर्जन पहिल्या काही महिन्यांतच वाट बघायची की उघडून बघायचं हे ठरवतात. हिवाळ्यात स्नायूत सुई घालून केलेल्या ईएमजी तपासणीत नडगीच्या स्नायूत नव्या तंतूंच्या खुणा दिसल्या. डोळ्यांना काहीच हालचाल दिसत नव्हती, पण सुईला ती ऐकू आली. म्हणून आम्ही थांबलो. आता वजनाविरुद्ध पाऊल अर्धंमुर्धं वर येतं. अंगठा येत नाही. तो तारेच्या शेवटच्या टोकाला आहे, त्याला वेळ लागणार.

६.००

पावसामुळे मैदानात चिखल, त्यामुळे सराव शाळेच्या हॉलमध्ये, मॅटवर. मॅटवर बूट घालतात, मला तेच सोयीचं पडतं.

सरावाचा पट्टा वेगळा असतो. दिवसभराचा प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा पट्टा, घालून मैदानात उतरता येत नाही. तो पाऊल वर धरतो, पण घोट्याला पुरेसं वाकू देत नाही. सरावाला दोन गोष्टी लागतात. एक, लेस बांधायचा कापडी अँकल ब्रेस, कारण पाऊल बाहेर वळवणारे स्नायू अशक्त असल्यामुळे घोटा आतल्या अंगाला मुरगळतो. दुसरी, नडगीभोवती गुंडाळलेली पट्टी आणि तिच्यापासून बुटाच्या लेसला जोडलेला लवचीक रबरी पट्टा. पाय उचलला की तो पंजा वर खेचतो, आणि टाच टेकवताना ताणला जाऊन पाऊल आपटू देत नाही.

वॉर्म-अपला मी मुलींबरोबर चालते, पळत नाही. मग एका पायावर उभं राहणं, भिंतीला बोट लावून, नंतर न लावता. मग टाचांवर चालणं, जेवढं जमेल तेवढं. पट्टे काढून वीस मिनिटं, घालून चाळीस मिनिटं. काढून जे करते त्यात स्नायूला काम शिकवते. घालून जे करते त्यात बाकीच्या शरीराला खेळ विसरू देत नाही. हे दोन्ही वेगळे तास आहेत, आणि एकमेकांत मिसळले की दोन्ही बिघडतात.

खरी पंचाईत पाटीवरच्या बैठकीची आहे. आठ जणी ओळीने उकिडव्या बसतात, एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. या बैठकीत गुडघा पूर्ण दुमडतो आणि नेमकी त्या हाडाच्या मानेपाशी नस दाबली जाते. बराच वेळ उकिडवं बसून शेतात काम करणाऱ्यांचं पाऊल या कारणाने लोंबल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ज्या बैठकीवर माझा सगळा खेळ उभा आहे, तीच सध्या मला वर्ज्य. मी पंधरा-वीस सेकंद बसते, उठते, चालते. सर घड्याळ लावून उभे असतात. ते कबूल करतात की लिगामेंटच्या दुखापती त्यांनी पुष्कळ पाहिल्या, नसेची पाहिली नव्हती. माहीत नसलेली गोष्ट विचारून घेणारा प्रशिक्षक मिळाला, हे माझं भाग्य.

सगळे तसे नसतात. हॉलच्या दारात उभ्या राहणाऱ्या एका जुन्या जाणत्या खेळाडूंचा सल्ला आज पुन्हा आला.

"अगं, काढून टाक तो पट्टा. पट्ट्यानं पाय आळशी होतोय."

मी त्यांचा आदर करते, त्यांच्याकडूनच सूर मारायला शिकले. पण हे म्हणणं चूक आहे, आणि या चुकीमुळे मुलींचे पाय बिघडतात. आळशी व्हायला स्नायूला आधी हुकूम मिळायला हवा. ज्याच्याकडे नस पोहोचलेलीच नाही, तो पट्टा काढल्याने कामाला लागत नाही. पट्ट्याविना पाऊल दिवसभर खाली लोंबतं, पोटरी आणि टाचेची शीर आखडते, आणि उद्या नस परत आली तरी आखडलेला सांधा तिला पाऊल वर आणू देत नाही. शिवाय पाय उंच उचलून टाकायची चाल अंगात मुरते, कंबर दुखू लागते, आणि केव्हातरी बोट अडकून माणूस पडतो तो वेगळाच.

"दादा, मॅडमना विचारून काढते," एवढंच मी म्हटलं. मुलींसमोर वाद नको होता.

शेवटची दहा मिनिटं मी शिकवते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. मी तो सामना पाय उशीवर ठेवून पाहिला. त्यातल्या खांबाजवळच्या हालचाली थांबवून थांबवून पाहिल्या, कारण तेव्हा पाहण्याखेरीज काही करता येत नव्हतं. खांबाशी कोणाचा कोणता पाय आधी पडतो, वळण्याआधी खांदा कधी पडतो, हे मला आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतं. ते मी मुलींना देते.

८.००

अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. पाण्याची ऊब आधी हाताने बघायची, उजव्या पायाने नाही. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पट्टा नसतो, म्हणून दाराशी आणि नळाशी धरायला दांडा बसवून घेतला. आपल्या घरांमध्ये उंबरठा असतो, आणि लोंबणारं पाऊल सगळ्यात आधी उंबरठ्यालाच अडतं. पहिल्या महिन्यांत आईने उंबरठ्यांच्या कडांना पांढरा रंग दिला. डॉक्टरांच्या कुठल्या कागदावर ही सूचना नव्हती.

८.३०

एएफओ घालणं हे सावकाश करायचं काम. आधी लांब सुती मोजा, गुडघ्याखालपर्यंत, एकही चुणी न ठेवता, कारण चुणीचा व्रण होतो. मग टाच पूर्ण मागे बसवायची. टाच बसली नाही की सगळं वर सरकतं. मग घोट्याचा पट्टा, शेवटी पोटरीचा. वरची कड गुडघ्याबाहेरच्या त्या उंचवट्याच्या बोट-दोन बोटं खाली राहायला हवी, नाहीतर ज्या नसेसाठी हे सगळं, तिच्यावरच दाब येतो. माझा पहिला, दुकानातून तयार घेतलेला पट्टा नेमका तिथे दाबत होता. नंतर मापाचा करून घेतला: पायाचा प्लास्टरचा साचा काढतात, त्यावर तापवलेलं पॉलिप्रॉपिलीन बसवतात, थंड झाल्यावर कापून कडा घासतात. माझा मागच्या बाजूने अरुंद, पानासारखा आहे. पाऊल टेकताना किंचित वाकतो, उचलताना परत उसळतो.

बूट उजव्या पायासाठी एक नंबर मोठा लागतो. आतली सुकतळी काढून टाकायची. दोन पायांसाठी दोन मापांचे बूट म्हणजे दोन जोड विकत घेणं, हा खर्च कोणी आधी सांगत नाही. आणि चप्पल नाही. उचलणारी बोटंच झोपलेली असली की चप्पल पायात राहत नाही, चालता चालता निसटून मागे पडते.

९.१५

बस. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. विजार घातली की पट्टा दिसत नाही, त्यामुळे बसायला जागा मागावी लागते. आधी संकोच वाटायचा. आता मागते.

९.४५ ते १.३०

क्रीडा कोट्यातून मला पाटबंधारे खात्यात लिपिकाची नोकरी लागली. पावसाळ्यात आमच्याकडे फोन थांबत नाहीत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती, कोयना धरणातून सोडलंय का, किती क्युसेक. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका. नदी सध्या त्याच्या पुष्कळ खाली आहे, पण सांगलीकरांचा जीव २०१९ च्या महापुरानंतर लवकर घाबरा होतो आणि ते साहजिक आहे.

खुर्चीत पायावर पाय टाकून बसायचं नाही. तीच नस, तीच जागा. दर तासाला उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. सहकारी मैत्रीण माझ्या आधी उठते आणि म्हणते, "चल, झाला तास."

१.३०

डबा खाण्याआधी पट्टा सोडून पाय बघितला. डाग तसाच. म्हणजे आज मिरज.

जेवताना मोबाइलवर जेलन स्मिथच्या एका सामन्याचं चित्रण पुन्हा पाहिलं. अमेरिकन फुटबॉलमधला हा खेळाडू, नोटर डेम विद्यापीठाचा लाइनबॅकर. १ जानेवारी २०१६ रोजी फिएस्टा बोलच्या सामन्यात त्याचा डावा गुडघा गेला, दोन लिगामेंट तुटली आणि हीच नस दुखावली. त्या आधी व्यावसायिक क्लबांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत पहिल्या काही जणांत त्याचं नाव येईल असं मानलं जात होतं. प्रत्यक्षात डॅलस काउबॉइजने त्याला दुसऱ्या फेरीत, ३४ व्या क्रमांकावर घेतलं. २०१६ चा अख्खा मोसम तो खेळला नाही. २०१७ मध्ये बुटात एएफओ घालून खेळला. पुढच्या वर्षी त्याविना. २०१९ च्या मोसमासाठी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यात त्याचं नाव आलं.

माझं लक्ष मधल्या वर्षावर, २०१७ वर असतं. त्या वर्षीचा तो काही वेळा अर्धं पाऊल उशिरा पोहोचताना दिसतो. तरीही तो पट्टा घालून मोसमभर खेळत राहिला, आणि नसेने तिच्या वेळेला येऊन काम हातात घेतलं. त्याच्यामागे एका श्रीमंत क्लबचे डॉक्टर होते, माझ्यामागे रजेचा अर्ज आहे, हा फरक मी विसरत नाही. सगळ्यांची नस परतही येत नाही. गुडघा निखळल्यावर गेलेली ही नस कित्येकांत अर्धवटच येते, आणि त्यांना शस्त्रक्रिया किंवा कायमचा पट्टा लागतो. कायमचा पट्टा लागला म्हणजे तो माणूस कमी लढला, असं कोणी म्हणू नये.

६.३० संध्याकाळी

मिरज. इथल्या गल्ल्यांत औषधपाण्यासाठी कर्नाटकातूनही माणसं येतात, त्यामुळे ऑर्थोटिस्ट काका मराठी आणि कानडी दोन्हींत ओरडतात. लोक अजून त्यांना कॅलिपरवालेच म्हणतात, पोलिओच्या काळापासून. त्या काळात लोखंडी सळ्या आणि चामड्याचे पट्टे असत.

काकांनी घोट्याच्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावला, पट्टा घालून मला चार पावलं चालायला लावलं आणि काढला. प्लास्टिकच्या आत जिथे ठिपका उमटला तिथे हीट गनने ऊब दिली आणि गोल लाकडाने तेवढीच जागा बाहेर फुगवली. पाच मिनिटांचं काम. त्यांचे डोळे मात्र माझ्या चालीवर होते.

"टाच आधी पडायला लागलीय की," ते म्हणाले. "मागच्या खेपेला सपाट पडत होती."

पुढच्या महिन्यात मागची पट्टी अजून अरुंद करू, म्हणजे जास्त वाकेल आणि स्नायूला जास्त काम पडेल, असं त्यांनी सुचवलं. पट्टा असा टप्प्याटप्प्याने कमी होतो. आधी घरात, मग सपाट रस्त्यावर, मग गर्दीत. दमलेल्या संध्याकाळी तो पुन्हा घालायचा, कारण दमलेला स्नायू आधी पाऊल सोडतो.

८.४५

जेवण. बाकीचे खाली, मी खुर्चीवर. मांडी घालून बसायची अजून परवानगी नाही. आषाढी जवळ आली म्हणून आईने देवळात जायचा विषय काढला. बूट काढल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि बुटाशिवाय एएफओ फरशीवर घसरतो. काकांनी त्यासाठी अनवाणी पावलावर गुंडाळता येईल असा मऊ पट्टा दिला आहे, पंज्याला एक वेढा आणि घोट्याला एक. तो घालून जाईन. आपल्याकडच्या पायांना घरात, देवघरात, स्वयंपाकघरात अनवाणी फिरावं लागतं. पट्टे मात्र बुटात राहणाऱ्या पायांसाठी बनतात. यावर आपल्याकडे जास्त काम व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

९.३०

धाराशिवहून फोन. तिकडची एक खो-खोपटू, माझ्याहून पुष्कळ लहान, गुडघ्याची तशीच दुखापत. पाऊल उचलत नाही हे नुकतंच लक्षात आलंय. आमच्या सरांनी तिच्या सरांना माझा नंबर दिला. आवाज रडवेला.

"ताई, सगळे म्हणतात पट्टा लावला की पायाची सवय जाते. खरंय का?"

मी तिला दादांना न दिलेलं पूर्ण उत्तर दिलं. मग विचारलं, ईएमजी कधी सांगितलीय, गुडघ्याचे डॉक्टर नसेबद्दल काय म्हणाले, पावलाला कुठे कुठे कळत नाही. तिला वहीत लिहून घ्यायला लावलं: पहिल्या दिवसापासून पट्टा. रात्रीही पाऊल काटकोनात. टॉवेलने पंजा ओढून पोटरीचा ताण, सकाळ-संध्याकाळ. उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय नाही. गरम पाण्याची पिशवी पावलाला लावायची नाही. झोपताना आणि उठल्यावर पाय उजेडात बघायचा. तळवा दिसत नसेल तर आरसा घे. तीन-साडेतीन महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर गप्प बसायचं नाही, नसेच्या सर्जनला दाखवायचं.

"मग मी पुन्हा खेळेन का?"

हे मला सांगता येत नाही, असं मी तिला सांगितलं. मलाही माझ्याबद्दल अजून सांगता येत नाही. पण परवा पट्ट्याचं माप द्यायला जाशील तेव्हा रोजचे बूट बरोबर ने, बुटाशिवाय माप घेतलं तर टाचेच्या उंचीत गडबड होते. आणि घरातल्या कोणाला तरी सोबत ने, दोन पट्टे नीट बांधायला एका माणसाने तिथेच शिकून घेतलेलं बरं. तिने बूट कोणते असं विचारलं. तिच्याकडे फक्त स्पाइक्स आणि चप्पल होती. मग कोणते घ्यायचे यावर आम्ही बराच वेळ बोललो: सपाट तळ, मागची बाजू कडक, लेस पार पुढपर्यंत उघडणारी, एक नंबर मोठा.